टोपऱ्याखालचं टेंगूळ

धोंडप्पांचं दुकान बंद पडलं ते पाण्यापायी. उदगीरच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या त्यांच्या गावात त्यांनी एकतीस वर्षं मीठ-मिरची, गूळ, काडेपेटी आणि विड्याची पानं विकली. पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या दुष्काळात गावातले आड आटले. कुणी खडी फोडायला गेलं, कुणी सरळ हैदराबाद गाठलं. दुकानात दिवसाला दोन गिऱ्हाइकं येईनाशी झाली. मग एका सकाळी धोंडप्पांनी दुकानाच्या फळ्या लावल्या, किल्ली शेजाऱ्याच्या हातात दिली आणि लातूरची एसटी धरली.

लातूरला त्यांचा मुलगा सिद्धराम नव्या जिल्ह्याच्या कचेरीत कारकून होता. जिल्हा होऊन चौथं वर्ष चालू होतं. कचेरीत अजून खुर्च्या कमी आणि कामं जास्त होती, त्यात सिद्धरामच्या टेबलावर पाणीटंचाई आलेली. तो घरी कमी आणि जीपमध्ये जास्त दिसायचा. घर दोन खोल्यांचं, भाड्याचं. सून उमादेवी सकाळी घागरी घेऊन टँकरच्या लाईनीत उभी राहायची ती दोन-अडीच तासांनी परतायची. आणि मग होती वर्षाची नात. नाव निलांबिका, पण घरात सगळे निलू म्हणत.

धोंडप्पांच्या बायकोला जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलाच्या घरात आल्यावर पहिले आठ दिवस त्यांना आपले हात कुठं ठेवावेत तेच कळेना. घागर उचलायला जावं तर उमादेवी म्हणायची, "राहू द्या मामंजी, कंबर धरंल." भाजी आणावी तर भाव जास्त देऊन यायचे. नवव्या दिवशी टँकर अचानक आला. उमादेवीनं घाईत निलूला त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि ती पळत गेली. परत आली तेव्हा निलू त्यांच्या मिशीला धरून हसत होती. त्या दिवसापासून सकाळची निलू धोंडप्पांची झाली.

त्याला पाच महिने झाले होते. निलूचं पहिलं पाऊल त्यांच्यासमोर पडलं. हद्दीवरच्या गावात मराठीबरोबर कानडी चालायची, त्यामुळं ते तिला "बा, निलू, बा" म्हणून बोलवायचे, म्हणजे ये. निलूही कुत्र्याला, चिमणीला, दारावरून जाणाऱ्या भंगारवाल्याला "बा, बा" करायची. सिद्धराम हसायचा, "अप्पा, पोरीला कानडी करून सोडलं तुम्ही."

एप्रिलातल्या त्या मंगळवारी सिद्धराम नांदेडला गेलेला होता. हातपंपांचे सुटे भाग तिकडून आणायचे होते, साहेबानं त्याला सोबत नेलं होतं. टँकर आठला आला आणि उमादेवी घागरी घेऊन गेली. धोंडप्पा आदल्या दिवशीचं पाणी धोतराच्या फडक्यातून गाळून रांजणात ओतत होते. टँकरच्या पाण्यावर कुणाचा भरवसा नव्हता. मागच्या आठवड्यातच गल्लीतली दोन पोरं उलट्या-जुलाबांनी दवाखान्यात पडली होती.

निलू जवळच बसून वाटीनं फरशी वाजवत होती. स्वयंपाकाचा दगडी कट्टा त्यांच्या कमरेला लागेल एवढा. त्याच्या शेजारी एक पत्र्याचा डबा उपडा होता. धोंडप्पांनी फडकं पिळायला पाठ वळवली. ती किती वेळ वळवली असेल? फडकं एकदा पिळलं, झटकलं, परत रांजणावर पसरलं. तेवढ्यात निलू डब्यावर चढून कट्ट्यावर पोचली होती. त्यांनी मान फिरवली तेव्हा ती कट्ट्याच्या कडेवर उभी होती आणि त्यांना बघून तिनं दोन्ही हात पुढं केले. नेहमी करायची तसेच. बा.

धोंडप्पांचा हात तिच्या झबल्याला लागला, पण ते धरता आलं नाही. डोकं शहाबादी फरशीवर आपटल्याचा आवाज आला.

"शिव शिव," ते म्हणाले. परत म्हणाले, "शिव शिव." आणि तेवढ्यात निलूनं किंकाळी फोडली.

त्यांनी तिला उचललं, छातीशी धरलं. उजव्या बाजूला, कपाळाच्या वर, केस सुरू होतात तिथं बघता बघता टेंगूळ वर आलं. अर्ध्या लिंबाएवढं. रक्त नव्हतं. त्यांनी गाळलेल्या पाण्यात फडकं भिजवून त्यावर धरलं. ती दहा मिनिटं रडली, मग हुंदके देत राहिली, मग त्यांच्या खांद्यावर नाक पुसून खाली उतरायला धडपडू लागली. वाटी घेतली. परत फरशी वाजवू लागली.

धोंडप्पा भिंतीला टेकून खाली बसले आणि पोरीकडं बघत राहिले. खेळतीय. हसतीय. काही झालेलं नाही. पोरं पडतातच. सिद्धराम लहानपणी किती वेळा पडला होता, त्याची कुठं कुणी नोंद ठेवली होती?

पण दुसरा एक विचारही त्यांच्या मनात आला, आणि तो आल्यावर हटेना. उमादेवीला कळलं तर ती काही बोलणार नाही. तिचा स्वभावच तसा. ती फक्त उद्या निलूला कडेवर घेऊन टँकरच्या लाईनीला जाईल. म्हणेल, "असू द्या मामंजी, तुम्ही आराम करा." आणि ते दोन खोल्यांत एकटे बसतील.

कोनाड्यात निलूचं टोपरं होतं. हिवाळ्यातलं, जाड लाल कापडाचं, हनुवटीखाली बंद असलेलं. त्यांनी ते तिला घातलं. बंद बांधला.

उमादेवी दहा वाजून गेल्यावर आली. डोक्यावर दोन घागरी, काखेत एक. पाणी ओतता ओतता तिनं विचारलं, "टोपरं कशाला घातलं हो मामंजी? ऊन बघा केवढं हाय."

"वारं गरम हाय बाहेर. कान झाकल्याले बरे," धोंडप्पा म्हणाले.

तिला नवल वाटलं, पण दोन दिवसांचे कपडे पडले होते. ती कामाला लागली.

निलूनं वरण-भाताचे चार घास खाल्ले आणि साडेअकरालाच पेंगायला लागली. रोज ती एकाच्या आत झोपायची नाही. धोंडप्पांनी हे बघितलं. बारा वाजता ती झोपेतच ओकली. उमादेवीनं तिला पुसलं, कपडे बदलले. टोपऱ्याचा बंद सोडायला तिचा हात गेला तसे धोंडप्पा पुढं झाले, "राहू दे, मी करतो," आणि त्यांनी तो सोडलाच नाही. अर्ध्या तासानं निलू परत ओकली.

"पाणीच लागलं," उमादेवी म्हणाली. तिचा आवाज पातळ झाला होता. "गल्लीतल्या पोरांसारखं. किती गाळलं तरी..." तिनं साखर-मिठाचं पाणी केलं आणि चमच्याचमच्यानं पाजायला बसली. निलू तोंड फिरवायची, रडायची, परत डोळे मिटायची.

शेजारच्या जन्नतबी भिंतीपलीकडून रडणं ऐकून आल्या. साठीच्या, बांगड्या विकणाऱ्या. त्यांचा मुलगा जलील ऑटो चालवायचा आणि त्या वेळी जेवायला घरी आला होता. जन्नतबींनी निलूच्या पोटाला हात लावला, तळपायाला लावला.

"जुलाब हाईत का गं?"

"न्हाई. नुसत्या उलट्या."

"मग वाट कशाला बघती? जलील ऑटो काढतंय. चल, उठ."

ऑटोत उमादेवीच्या मांडीवर निलू, आणि बाजूला धोंडप्पा. रस्ता खडबडीत होता. प्रत्येक गचक्याला त्यांचा हात आपोआप पोरीच्या डोक्याखाली जायचा. उमादेवीनं ते पाहिलं आणि म्हणाली, "तुम्ही घाबरू नका मामंजी. पाण्याचंच हाय. सलाईन लावतील, बरी होईल." ती त्यांनाच धीर देत होती. धोंडप्पांनी मान खाली घातली. आता सांगावं, असं त्यांना त्या रस्त्यात चार वेळा वाटलं.

रुद्राणी डॉक्टरीणबाईंचा दवाखाना दोन गल्ल्या पलीकडं होता. पुढं तपासायची खोली, मागं चार खाटा. त्यातल्या तीन खाटांवर पोरंच होती, सगळी पाण्यानं आजारलेली. डॉक्टरीणबाई तिशीच्या होत्या, सकाळपासून उभ्या असाव्यात. त्यांनी निलूचं पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली, काखेत थर्मामीटर ठेवलं.

"कधीपासून?"

"बारा वाजल्यापासून. दोन वेळा ओकली," उमादेवी म्हणाली. "टँकरचं पाणी लागलं बघा."

"ताप नाही. जुलाब?"

"न्हाईत."

डॉक्टरीणबाई क्षणभर थांबल्या. मग मागच्या खोलीतलं पोर रडायला लागलं तसं त्यांनी तिकडं बघितलं आणि म्हणाल्या, "कधीकधी आधी उलट्याच होतात, जुलाब नंतर. उलटी थांबायचं इंजेक्शन देते. थोडी गुंगी येईल तिला, झोपू द्या. संध्याकाळी परत दाखवा."

त्या सुई भरायला वळल्या.

गुंगी येईल. झोपू द्या. धोंडप्पांना निलूचे साडेअकराचे पेंगणारे डोळे आठवले. त्यांनी हात आडवा धरला.

"बाई, थांबा. पोर पडलीय."

सुई भरता भरता डॉक्टरीणबाईंचा हात थांबला. उमादेवीनं सासऱ्याकडं बघितलं.

"सकाळी पडली. कट्ट्यावरून. डोक्यावर." धोंडप्पांनी टोपऱ्याचा बंद सोडला. लाल कापडाखाली केस घामानं चिकटले होते आणि त्यातून ते टेंगूळ वर आलं होतं, आता निळसर. "माझ्याजवळ होती. मी सांगितलं न्हाई."

उमादेवीनं निलूला आणखी जवळ ओढलं.

डॉक्टरीणबाईंनी सुई बाजूला ठेवली. त्या रागावल्या नाहीत, निदान तोंडानं तरी नाही. त्यांनी स्टूल ओढलं आणि धोंडप्पांच्या समोर बसल्या.

"किती वाजता?"

"साडेनवाला पाच-सात मिनिटं कमी असतील. पलीकडच्या घरात रेडिओवर बातम्या संपून गाणी लागली होती."

"किती उंचीवरून?"

धोंडप्पांनी उभं राहून कमरेला हात लावला. "एवढ्या. खाली शहाबादी फरशी."

"पडल्याबरोबर रडली? का गप्प पडून होती?"

"मी दोनदा शिव शिव म्हणालो. दुसरं संपायच्या आत रडली."

"डोळे फिरवले? हातपाय ताठ केले? झटके आले?"

"न्हाई. नाकाकानातून पण काही आलं न्हाई, मी पुसून बघितलं. दहा मिनिटं रडली, मग वाटी वाजवत बसली. खाल्लं कमी. चार घास. रोज बारा-तेरा खाती. आणि झोपली दीड तास आधी."

डॉक्टरीणबाई लिहीत होत्या. मग त्यांनी टेंगळावर हळूच बोटं फिरवली. निलू ओरडली. "घट्ट आहे. चांगलं आहे. मऊ, पाण्याच्या पिशवीसारखं लागलं असतं तर मी काळजी केली असती." त्यांनी बॅटरी काढून एका डोळ्यावर उजेड टाकला, मग दुसऱ्यावर. दोन्ही डोळ्यांतल्या बाहुल्या सारख्याच बारीक झाल्या. कानामागं पाहिलं. हातात बोट देऊन दोन्ही मुठींची पकड पाहिली.

"आता तिला चालवून बघायचंय. आई, तिला तिथं खाली उभी करा. कुणीतरी इकडून बोलवा."

उमादेवीनं निलूला जमिनीवर उभं केलं, पण स्वतः दाराशी जाऊन बोलवायच्या आधीच निलूनं तोंड फिरवलं आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या धोंडप्पांकडं बघितलं. दोन्ही हात पुढं केले. धोंडप्पांना "बा" म्हणायचं होतं. त्यांनी नुसते हात पुढं केले. निलू स्वतःच चार पावलं चालली, मधेच बसली, हात टेकून उठली आणि त्यांच्या गुडघ्याला येऊन धडकली.

"उजवा पाय आत टाकतेय," डॉक्टरीणबाई पटकन म्हणाल्या.

"ते तसंच हाय बाई. चालायला लागल्यापासून. आणि चार पावलांवर बसती, पाचवं घराबाहेर असलं की टाकीत न्हाई."

"नक्की?"

"हाव. रोज बघतो."

उमादेवी दाराशी उभी होती. तिनं तोंडावर पदर धरला होता.

डॉक्टरीणबाईंनी दोघांनाही समोर बसवलं. "ऐका. डोक्याला मार लागला की आत काही झालंय का ते लगेच दिसत नाही. काही तासांनी दिसतं. म्हणून बघत बसायचं, दुसरा उपाय नाही. मार लागल्यावर एखादी उलटी पोरं करतात. हिला दोन झाल्या. तिसरी झाली तर मी वाट बघणार नाही, सोलापूरला पाठवीन, मोठ्या दवाखान्यात. तसंच रडणं कशानंच थांबेना झालं, झटका आला, एक हात किंवा पाय ढिला पडला, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसल्या, नाकातून कानातून पाणी आलं, किंवा उठवून उठली नाही, तर जिथं असाल तिथून मला हाक मारायची. आज रात्र इथंच राहा. गुंगीचं काही देणार नाही मी तिला. दुखलं तर मोजून थोडं पातळ औषध देईन. तेलबिल चोळायचं नाही, शेकायचं नाही. गार फडकं चालेल."

"झोपू द्यायचं न्हाई का मग?" उमादेवीनं विचारलं.

"झोपू द्यायचं की. लेकराला जागं ठेवून काय करणार? पण दर दोन तासांनी उठवायचं. नेहमीसारखी उठली, तुम्हाला ओळखलं, कुरकुर केली, की परत झोपू द्या."

"नेहमीसारखी म्हणजे?" धोंडप्पा म्हणाले. "कसं ओळखू?"

"ते मी कसं सांगू? तुम्ही सांगा. नेहमी कशी उठते ती?"

धोंडप्पा विचारात पडले. "आधी नाक चोळती. दोन्ही हातांनी. मग एक डोळा उघडती, दुसरा मिटलेलाच. मी दिसलो की मिशी धरती."

"झालं तर. तेच बघायचं." डॉक्टरीणबाई उठल्या. "आजोबा, हे सगळं तुम्ही बारा वाजता सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण आता नीट सांगितलं. इतकं नीट मला कुणी सांगत नाही."

चौथी खाट निलूला मिळाली. उमादेवी एका बाजूला स्टुलावर बसली, धोंडप्पा दुसऱ्या बाजूला जमिनीवर. शेजारच्या खाटेवरच्या पोराची आई वर्तमानपत्रानं वारा घालत होती. तिनं दोघांकडं बघितलं आणि तोंड फिरवून घेतलं.

साडेतीनला उमादेवीनं निलूला उठवलं. निलूनं नाक चोळलं, ती कुरकुरली, परत झोपली. उलटी झाली नाही.

साडेपाचला धोंडप्पा पुढं झाले. "निलू. ए निलू." काही नाही. त्यांनी खांद्याला हात लावला. "निलू, ऊठ." मान एका बाजूला कलंडली. त्यांनी उमादेवीकडं बघितलं. ती आधीच उभी राहिली होती.

"बाई!" तिनं ओरडून हाक मारली. "डॉक्टरीणबाई!"

डॉक्टरीणबाई पेशंट सोडून धावत आल्या. त्यांनी निलूच्या तळपायाला अंगठ्यानं जोरात दाबलं. एकदा. काही नाही. दुसऱ्यांदा दाबलं तसा निलूनं पाय ओढून घेतला आणि सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असा गळा काढला. मग दोन्ही हातांनी नाक चोळलं. एक डोळा उघडला. समोर डॉक्टरीणबाई होत्या. तिनं त्यांना बघून तोंड वाकडं केलं आणि मिशी शोधायला मान वळवली.

धोंडप्पांनी चेहरा खाली नेला. तिनं मिशी धरली आणि ओढली. ते रडत होते. त्यांनी लपवलं नाही.

"गाढ झोपली होती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनीही मोठा श्वास सोडला. परत बॅटरी काढली, परत डोळे पाहिले. "ठीक आहे. पाणी मागितलं तर थोडं थोडं द्या."

त्या गेल्यावर उमादेवी खाली, धोंडप्पांच्या समोर, फरशीवर बसली. निलू तिच्या मांडीवर चमचा चावत होती. मग ती बोलली.

"का सांगितलं न्हाई तुम्ही?"

"भ्यालो."

"मला?"

"तुला न्हाई." धोंडप्पा निलूकडं बघत म्हणाले, "पोर तू माझ्याजवळ ठेवणार न्हाईस, ह्याला भ्यालो. गावात दुकान होतं गं. इथं मला एवढंच काम हाय."

उमादेवीचा आवाज चढला नाही, पण ती प्रत्येक शब्द तोडून बोलली. "मी तिला पाणी पाजत होते, मामंजी. चमच्यानं. तास झाला. पाण्यानंच हाय म्हणून. तुम्ही समोर बसून बघत होता. सुई टोचली असती आणि घेऊन गेलो असतो आपण घरी. कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय."

"तिला काही झालं असतं तर मी तुमचं तोंड बघितलं नसतं. जन्मात."

"हाव," धोंडप्पा म्हणाले. "बघायला पण नको होतं."

फडकं एकदाच पिळलं होतं, पोरं पडतातच, हे सगळं त्यांच्याजवळ होतं, पण त्यांनी ते काढलं नाही. उमादेवी वाट बघत होती बहुतेक. ते काढत नाहीत असं दिसल्यावर तिनं निलूच्या हातातला चमचा घेतला, पुसला, परत दिला.

"पुढच्या वेळेला पडली तर पडली म्हणायचं," ती म्हणाली. "लगेच. मी लाईनीत असले तरी तिथं यायचं. पाणी गेलं तर गेलं."

धोंडप्पांनी मान वर केली. "पुढच्या वेळेला?"

उमादेवीनं त्यांच्याकडं बघितलं नाही. "तुमच्याजवळ न्हाई तर कुणाजवळ ठेवू? लाईनीत उन्हात घेऊन उभी राहू?" तिचे डोळे भरून आले आणि ती रागानंच पुसत म्हणाली, "तो डबा मात्र आजच्या आज बाहेर फेका."

संध्याकाळी जन्नतबी भाकरी आणि दोडक्याची भाजी घेऊन आल्या. झाली गोष्ट त्यांनी ऐकली, टेंगूळ पाहिलं, आणि धोंडप्पांच्या पाठीवर एक थाप मारली, जरा जोरातच. "अप्पा, एप्रिलच्या उन्हात टोपरं! मला दारातच शंका आली होती. बोलले असते तर बरं होतं की." त्यांना स्वतःचाच राग आलेला दिसला. जाताना म्हणाल्या, "उद्याचं पाणी मी धरते तुमचं. जलील घागरी उचलतो. घराची काळजी करू नको गं."

रात्रभर दोघांनी आलटून पालटून उठवलं. दर वेळी नाक, मग डोळा. पहाटेच्या सुमाराला निलू स्वतःच उठून बसली आणि तिनं शेजारच्या खाटेवरच्या पोराला "बा" म्हटलं. त्याची आई हसली. काल दुपारपासून त्या खोलीत कुणी हसलं नव्हतं.

सिद्धराम सकाळी नऊला आला. साहेब तिकडंच थांबल्यानं नांदेडहून पहाटेच्या एसटीनं निघून तो स्टँडवर उतरला आणि जलीलनं त्याला तिथंच गाठून सांगितलं, अर्धवट. तो धूळभरल्या कपड्यानं आत आला आणि पोरीला बघून दारातच टेकला. "काय झालं? कशी पडली?"

उमादेवी बोलायला लागली आणि थांबली. "मामंजी, तुम्ही सांगा. पहिल्यापासून."

धोंडप्पांनी सांगितलं. डबा, फडकं, कट्टा, दोनदा शिव शिव, टोपरं. टोपऱ्याशी ते अडखळले, पण पुढं गेले. सिद्धराम ऐकत होता. त्याच्या जबड्याची हाडं हलत होती. सगळं ऐकून झाल्यावर तो उठला, बाहेर गेला, आणि काही वेळानं परत आला तेव्हा त्याच्या हातात तीन चहाचे ग्लास होते. त्यातला एक त्यानं वडिलांपुढं धरला.

"घ्या, अप्पा. रात्रभर झोपला नसाल."

दुपारी डॉक्टरीणबाईंनी घरी सोडलं. अजून दोन दिवस लक्ष ठेवा म्हणाल्या, उंचावर चढू देऊ नका, आणि तीच सगळी लक्षणं परत एकदा सांगितली. सिद्धरामनं कचेरीतल्या सवयीनं ती कागदावर उतरवून घेतली. धोंडप्पांना कागदाची गरज नव्हती. घरी जन्नतबींनी भरून ठेवलेल्या दोन घागरी दाराशी होत्या. डबा सिद्धरामनं स्वतः नेऊन भंगारवाल्याला दिला.

शुक्रवारी ते निलूला परत दाखवायला घेऊन गेले. उमादेवी सोबत होती. टेंगूळ उतरून हिरवट-पिवळा डाग राहिला होता. निलूनं डॉक्टरीणबाईंची बॅटरी हिसकावली आणि ती स्वतःच्या तोंडात घातली. डॉक्टरीणबाईंनी तिला चालवून पाहिलं. या वेळी तिनं पाच पावलं टाकली.

"आता काही नाही," त्या म्हणाल्या. "अगदी ठणठणीत आहे. जा घेऊन."

धोंडप्पा उठले नाहीत. तीन दिवस त्यांनी पोरीवरून नजर हलवली नव्हती. डोळे तांबारले होते. त्यांनी जरा घुटमळून विचारलं, "म्हंजे बाई, आता बघत बसायचं बंद करू?"

डॉक्टरीणबाईंनी निलूच्या तोंडातून बॅटरी काढून घेतली आणि पदराला पुसली. "माझ्या बाजूनं बंद," त्या म्हणाल्या. "तुमच्याच्यानं होईल का, ते तुमचं तुम्ही बघा."

उमादेवी पहिल्यांदा हसली. बाहेर ऊन रणरणत होतं. तिनं पदर डोक्यावर घेतला, निलूला सासऱ्यांच्या कडेवर दिलं आणि पुढं चालू लागली. तिला वाटेत बाजारातून तूरडाळ घ्यायची होती. धोंडप्पा मागून सावलीसावलीनं हळूहळू निघाले, एका हातानं पोरीची मान सावरत.